दवाखान्यातले एकोणीस दिवस आणि सतारीची घोडी

माणगंगा | रविवार, रात्री 10.20

आई परवा घरी आली. आज जरा निवांत बसलोय म्हणून हा धागा.

महिन्यापूर्वी न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. आमच्या आटपाडीकडे मोठं दुखणं आलं की "मिरजेला न्या" हेच पहिलं वाक्य निघतं. डॉ. वान्लेस यांनी 1894 साली तिथे मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्या आज्या-पणज्यांनी तेच केलं. आता तर मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत, त्यातल्याच एकात आम्ही गेलो. ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी ताप, मग दम, मग न्यूमोनिया, मग आयसीयू. चार दिवसांचे कपडे घेऊन गेलेलो, एकोणीस दिवस राहिलो.

आयसीयूबाहेरच्या त्या भोकाभोकांच्या स्टीलच्या खुर्च्यांवर जे बसलेत त्यांना ठाऊक असेल. तिथे रडण्यापेक्षा थांबणंच जास्त असतं. डॉक्टर "सकाळी" येतात, म्हणजे आठला की साडेअकराला, हे कुणी सांगत नाही. रिपोर्ट "थोड्या वेळात". आणि सगळ्यावर शेवटचं उत्तर, "बघू उद्या". पाचव्या-सहाव्या दिवसापासून मला घड्याळाचाच राग यायला लागला.

दिवसा वहिनी, रात्री मी, अशी आमची पाळी. संध्याकाळी मी खोलीवरून आलो की ती म्हणायची, "जावा भावजी, अजून तासभर मी आहे. पाय मोकळे करून या." असाच भटकत एकदा सतारमेकर गल्लीत शिरलो. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते पेपरात वाचलं होतं, पण गल्ली कधी पाहिली नव्हती. दुकानं कसली, कारखानेच ते. दारात भोपळ्यांची उतरंड. हे भोपळे पंढरपूरकडून येतात. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड ताणून आत काठ्यांचे टेकू द्यायचे आणि तसाच वाळू द्यायचा, म्हणजे हवा तो आकार धरतो. मी दारात उभा राहून बघत होतो, तर आतल्या चाचांनी पायानंच एक स्टूल पुढे सरकवलं.

ते जवारी काढत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही नव्हतं): तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा वरचा भाग अगदी किंचित उताराचा घासायचा असतो, म्हणजे तार छेडली की ती त्या उतारावर हलके हलके टेकत राहते आणि तो झंकार येतो. चाचा तार उतरवायचे, कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायचे, छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे. परत उतरवायचे. पहिल्या दिवशी मला सगळे आवाज सारखेच वाटले. चौथ्या दिवशी फरक कळायला लागला. आधी आवाज दाराआडून आल्यासारखा बंद, आणि मग एका क्षणी खुला.

त्यांनी पहिले तीन दिवस काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी घोडीवरची नजर न हलवता म्हणाले, "कोण आहे दवाखान्यात?" मिरजेत रिकामा बसलेला परगावचा माणूस दिसला की तिथल्या कुणालाही हा प्रश्न पडतोच, असं दिसतं.

रोज साडेपाच ते सहा. मला सतारीतलं काही कळत नाही, त्या आधी मी बँजोलाही हात लावला नव्हता. पण दिवसभरात ती एकच गोष्ट अशी होती की जिथे "बघू उद्या" नव्हतं. घासलं की आवाज बदलायचा. माझ्या डोळ्यांसमोर, तिथल्या तिथे. आणि साडेपाचला गेलो की चाचा असायचेच.

तर विचारायचंय ते हे. तुमच्या अशा दिवसांत असं काय होतं? मोठं काही नको. डॉक्टर, देव, मित्र यांनी आधार दिला हे गृहीतच धरतो. मला बारीकसारीक गोष्टी हव्यात.

तिरफळ | रविवार, रात्री 11.05

पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा.

2020 साली नवरा जहाजावर अडकला. करार संपला तरी उतरायला कुठलंच बंदर घेईना. इथे गोव्यात फोंड्याला मी, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. मार्चच्या शेवटी सगळंच बंद झालं तेव्हा पावही बंद होता, आणि खरं सांगते, त्या दिवसांत सकाळ झाली हेच समजायचं नाही. मग एके दिवशी सायकलवरचा तो "पों पों" ऐकू आला. सासूबाई गाऊन सावरत धावल्या. त्यांच्या लहानपणी पोदेर घुंगरांची काठी आपटत चालत यायचा, तो आवाज त्या अजून तोंडाने करून दाखवतात.

तेव्हापासून नवरा येईपर्यंत (पाच महिने जास्त लागले) माझा दिवस दोन भोंग्यांवर चालला. सकाळचे उंडे (गोल पाव) आणि दुपारी चारच्या सुमाराची पोळी. ही पोळी म्हणजे तुमची चपाती नव्हे हो, कोंडा लावलेला चपटा पाव. गरम पोळी फाडून नुसत्या चहात. मुलाला वाटायचं पोदेर बाबांची चिठ्ठी आणतो. आम्ही त्याला तसंच वाटू दिलं.

पेठेतला_भाडेकरू | सोमवार, सकाळी 6.50

सदाशिव पेठ, स्पर्धा परीक्षांचं तिसरं वर्ष, दोन मुख्य परीक्षा, एक मुलाखत, हाती शून्य. घरून फोन आला की वडील हवामान विचारतात. निकालाचं विचारायचं धाडस त्यांनाही होत नाही.

माझं म्हणाल तर, अभ्यासिका उघडायच्या आधीचा अमृततुल्य चहा. चहाला तशी विशेष चव नसते, पण त्या माणसाचं वेलची-सुंठ कुटणं. पितळी खलबत्ता, ठराविक लय, मग पातेल्यावर डाव आपटल्याचा आवाज. अर्धी पेठ त्या आवाजावर उठते. दुसरं, रविवारी दुपारची मेसची फीस्ट. रविवारी रात्री मेस बंद, त्यामुळे दुपारी दोन दिवसांचं जेवायचं. मठ्ठा वाटीने मोजून देतात, पण ताई मला न विचारता दुसरी वाटी ठेवतात. मी एकदाही मागितलेली नाही आणि त्यांनीही कधी काही बोलून दाखवलं नाही.

पर्वतीच्या 103 पायऱ्याही आहेत, पण त्या सगळेच चढतात.

चहाबाज | सोमवार, सकाळी 8.15

मेसमध्ये मठ्ठ्याची दुसरी वाटी? पुण्यात? पत्ता द्या.

पेठेतला_भाडेकरू | सोमवार, सकाळी 8.22

पत्ता दिला तर तिसऱ्या दिवशी पहिलीही बंद होईल.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी 9.40

ड्यूटीवरून आताच आले. मी खुर्च्यांच्या पलीकडच्या बाजूची. चौदा वर्षं सिस्टर आहे, त्यातली आठ आयसीयूत.

माणगंगा, तुम्हाला "बघू उद्या" लागतं ना, ते आम्हालाही लागतं. फरक इतकाच की आम्ही ते तुमच्या तोंडावर म्हणायचं असतं. पहाटे चार ते साडेपाच हा आमचा सगळ्यात वाईट काळ. रक्त पाठवायचं, सगळ्यांचं बीपी-तापमान, स्पंजिंग, नोंदी, आणि पेशंटही नेमके त्याच वेळी घाबरे होतात. त्यात माझी गंमत काय, तर पाच चाळीसला पूर्वेकडच्या खिडकीची काच आधी निळसर होते. दिवे पांढरे असतात म्हणून ती निळाई चटकन दिसते. मी त्या खिडकीजवळच्या बेडची नोंद मुद्दाम शेवटी ठेवते. एवढंच. कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

आणि घरी गेल्यावर चप्पल बदलणं. पायातले बंद बूट काढून रबरी सपाता. हे सुख दिवसपाळीवाल्यांना नाही कळायचं.

आता नातेवाइकांसाठी थोडं, कारण हा धागा पुढे कुणीतरी वाचेलच. स्वतःचा स्टीलचा पेला न्या, कागदी कपातला चहा दोन दिवसांत नकोसा होतो. लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड नेलात तर अख्ख्या व्हरांड्याची दुवा मिळेल. पातळ सुती चादर, कारण एसी रात्री बोचतो. आत फुलं आणू नका. आणि रात्री दोन वाजता मोबाइलचा स्पीकर लावून रील बघू नका, एवढा दिलासा आम्हालाही द्या.

माणगंगा | सोमवार, सकाळी 10.10

सिस्टर, एक्स्टेंशन बोर्डाचं अगदी खरं. आमच्याकडे चंदगडच्या एका मामांनी आणला होता. त्यांच्या पेशंटला सोडल्यावर बोर्ड ते तिथेच ठेवून गेले. माझ्या माहितीत तो अजून तिथेच आहे.

लातूरची_चिंच | सोमवार, दुपारी 1.30

धागाकर्त्यांशी थोडी असहमत. ठरल्या वेळी होणारी गोष्ट आधार देते, मान्य. पण आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं.

2016 चा उन्हाळा. 12 एप्रिलला पहाटे पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, ती तुमच्या मिरजेहूनच. दहा वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर. टीव्हीवाल्यांनी दाखवलं, आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हाच यायचा. दहा दिवस, कधी बारा. सगळं घर पाण्याच्या हिशेबावर चालायचं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला. डोकं धुणं आठवड्यातून एकदा, तेही तांब्याने मोजून.

आजी त्यातलं पेलाभर तांदळाचं पाणी चोरून गच्चीवरच्या मोगऱ्याला घालायची. आई चिडायची. चिडणं बरोबरही होतं. एका संध्याकाळी, लाइट नाही, उकाडा, सगळे गच्चीवर सतरंज्या टाकून पडलेले, आणि वास आला. सात फुलं होती. मी मोजली. आईने काही न बोलता त्यातली दोन उचलून पाण्याच्या माठाच्या झाकणावर ठेवली.

कुणी वाट बघत नव्हतं म्हणून ते एवढं लागलं. वेळापत्रकातला मोगरा असता तर आज आठवलाही नसता.

द्राक्षमळा | सोमवार, रात्री 9.00

निफाड. नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला की काय होतं ते आमच्या लोकांना सांगायला नको. डावणी, गळकूज असे रोग. दिवसाला दोन-दोन फवारण्या, औषधाची उधारी, आणि झोप नाही. त्यातून वाचलं तर डिसेंबरात थंडी. पारा फार खाली गेला की रात्री बागेत जागोजागी शेकोट्या कराव्या लागतात, नाहीतर घडांना थंडी बाधते.

तर शेकोटी बागेसाठी असते, पण तिच्यात शेंगा आमच्यासाठी. भुईमुगाच्या ओल्या शेंगा निखाऱ्यात टाकायच्या, राखेसकट काढायच्या. सोबत रेडिओ. दहा वाजता विविध भारतीवर छायागीत लागतं. चुलता, मी आणि आमचा गडी, तिघंही त्या वेळात द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत नाही, हा न ठरवलेला नियम. एकदा मी चुकून "यंदा बेदाणा करावा लागतो का काय" म्हणालो, तर चुलत्याने रेडिओचा आवाजच वाढवला.

हिमांशाखाली | सोमवार, रात्री 11.50

म्युनिकहून. इथे डिसेंबरात साडेचारला अंधार. पहिल्या हिवाळ्यात नोकरी गेली, व्हिसाची मुदत डोक्यावर, नवी नोकरी मिळेना. नवरा पुण्यात. आई डोंबिवलीला.

आईला मी सांगितलं नव्हतं. पण तिचा रोजचा व्हिडिओ कॉल दिवेलागणीला. ती फोन ओट्याला टेकवून ठेवते आणि मग विसरते. मला दिसतं ते छत आणि पंख्याचं एक पातं. ऐकू येतं मात्र सगळं. कुकरची शिट्टी, शेजारच्यांची बेल, "शुभं करोति", मग फोडणी. मी काही न बोलता अर्ज भरत बसायची. ती मध्येच "आहेस ना गं?" विचारायची, मी "हो" म्हणायची.

एक अडचण. हिवाळ्यात भारताशी साडेचार तासांचा फरक, म्हणजे सातची दिवेलागण माझ्याकडे अडीचला. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे सरकतात, फरक साडेतीन तासांचा होतो आणि तीच दिवेलागण साडेतीनला येते. तोवर नोकरी लागली होती, आणि साडेतीनला टीमची रोजची मीटिंग! मी आईला म्हटलं, "दिवा तासभर आधी लाव ना." ती म्हणाली, "सूर्याला पण तू सांगतेस का?"

आता मीटिंगमध्ये एका कानात फोडणी असते. कुणाला सांगू नका.

सडेतोड | मंगळवार, सकाळी 7.30

सगळं वाचलं. छान आहे. पण कुणीतरी बोललंच पाहिजे म्हणून लिहिते.

माणगंगा, तुम्ही साडेपाच ते सहा सतार ऐकत होतात तेव्हा त्या खुर्चीवर कोण होतं? वहिनी. दिवसभर तीच होती ना? तुमची पाळी संध्याकाळपासूनची, आणि त्यातलाही पहिला तास तिनेच दिला. द्राक्षवाल्या दादांच्या शेकोटीला चुलता आहे, गडी आहे. तेव्हा घरात मुलांना कोण झोपवत होतं? बारीकसारीक सुख घ्यायलाही मागे कुणीतरी उभं असावं लागतं. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात मी अकरा महिने घरात होते. मला सुख बिख आठवत नाही. मला आठवतं ते डायपरच्या दुकानदाराने एकदा उधारी नाकारली ते. लोक सांगायचे, "स्वतःसाठी वेळ काढ." कुठून काढू, फ्रीजमधून?

राग नाही. फक्त, हे सगळं फार गोड होत चाललंय.

चहाबाज | मंगळवार, सकाळी 8.40

ताई, "फ्रीजमधून" वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं. बरोबर आहे तुमचं.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी 10.00

सडेतोड, शंभर टक्के. व्हरांड्यात आम्ही बघतोच की. पुरुष पाळीपाळीने बदलतात, बाई तीच असते. अशा बाईला मी काय करते सांगू? "जरा औषध घेऊन या" म्हणून खाली पाठवते, आणि औषध काही फार लांबचं नसतं. लिफ्टने जाऊ नका, जिन्याने जा, असंही सांगते. परत येताना पाच मिनिटं जास्त लागतात. कुणी काही विचारत नाही.

द्राक्षमळा | मंगळवार, दुपारी 2.15

घरात बायको झोपवत होती. विचार करतोय.

माणगंगा | मंगळवार, रात्री 9.30

सकाळचा प्रतिसाद वाचून दिवसभर काही लिहिलं नाही. उत्तर सुचत नव्हतं म्हणून शेवटी ज्यांना विचारायला हवं होतं त्यांनाच विचारलं. वहिनी भाकऱ्या थापत होती. म्हटलं, "वहिनी, मिरजेत तुम्हाला बरं वाटावं असं काही होतं का?" ती म्हणाली, "हे आज कुठनं काढलं?" मी धाग्याचं सांगितलं. ती हसली. मग दोन भाकऱ्या होईपर्यंत काहीच बोलली नाही.

मग म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "डबा यायचा की. बारा वाजता. उघडायचा आणि खायचं. एकोणीस दिवस मला कुणी विचारलं न्हाई, आज भाजी काय करायची."

लग्नाला सोळा वर्षं झाली तिच्या. आईला बरं वाटल्यावर तिचं पहिलं वाक्य "सुनबाई, आज भाजी काय" हेच होतं, आणि ते ऐकून आम्ही सगळे आनंदाने रडलो होतो. वहिनी रडली नव्हती, हे मला आत्ता आठवलं.

त्या खानावळीचा डबा मी रोज नावं ठेवत खाल्ला. वांगं चिवट, आमटी पाण्यासारखी. वहिनीने एकदाही तक्रार केली नव्हती. मला वाटायचं, सोशिक आहे.

हिमांशाखाली | मंगळवार, रात्री 10.05

मी आत्ता आईला फोन लावला आणि विचारलं, दिवेलागणीला तुला काय हवं असतं. म्हणाली, "तू आहेस का नाहीस ते कळलं की झालं." मग म्हणाली, "आणि कधीतरी तू पण फोडणी दे, मला ऐकू दे."

सडेतोड | मंगळवार, रात्री 10.40

माणगंगा, विचारलंत हे आवडलं. माझं आधीचं अर्धं खोटं होतं. अकरा महिन्यांत एक गोष्ट होती. सासऱ्यांना दुपारी तीनला झोप लागायची, तेव्हा मी शब्दकोडं सोडवायची. पेन्सिलने, कारण मग ते खोडून ठेवायची. संध्याकाळी जागे झाले की ते तेच कोडं सोडवायचे आणि त्यांना वाटायचं कोरं आहे. शेवटी शेवटी मी दोन-तीन शब्द मुद्दाम पुसट ठेवायला लागले. त्यांना कळायचं की नाही, देव जाणे. "आज सोपं दिलंय पेपरवाल्यांनी," म्हणायचे.

तिरफळ | मंगळवार, रात्री 11.10

त्यांना कळायचं हो.

पेठेतला_भाडेकरू | बुधवार, सकाळी 6.45

मेसच्या ताईंना आज विचारलं, तुमचं जेवण कोण वाढतं. म्हणाल्या, "उभ्याउभ्याच होतं." पुढे काय बोलायचं सुचलं नाही. रविवारी माझं ताट घेऊन आत जायचा विचार आहे. मार खाईन बहुतेक.

माणगंगा | बुधवार, रात्री 8.50

इकडची खबर. आई आज वॉकर धरून दारापर्यंत गेली. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत.

भाजी काय करायची ते आता सोम, बुध, शुक्र मी ठरवणार, निवडणार आणि करणारही. वहिनीने अट घातली, मध्ये एकदाही तिला काही विचारायचं नाही, मीठ कुठल्या डब्यात तेसुद्धा. आज पहिला दिवस होता. शेपू केला. मुगाची डाळ भिजवायची असते हे शेपू कढईत गेल्यावर आठवलं. आईने नाक मुरडलं, पुतण्याने दही मागितलं, दादा फोनवर होता.

वहिनीने दोनदा घेतला.